दुरुस्तीचाही अभ्यास कर

चि. सुमेधा हिस अनेक आशीर्वाद.

वास्तुवारसा जतनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्याचे तू फोनवर सांगितलेस, तेव्हा मी ‘छान झाले’ एवढेच बोललो आणि तुला ते कदाचित कोरडे वाटले असेल. फोनवर मला ऐनवेळी काही सुचत नाही, हे तुला ठाऊकच आहे. शिवाय जे सांगायचे होते त्यात माझी एक चूक होती, आणि चूक सांगायला कागद बरा.

नोकरीला लागून मला चार-पाच वर्षे झाली असतील. विटांच्या एका जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले. भिंतींना खालून दोन फुटांपर्यंत ओल होती, चुन्याच्या गिलाव्याला लोणा लागला होता आणि विटांच्या सांध्यांमधला, म्हणजे दरजांमधला, चुना बोटाने उकरला तरी भुसभुशीत होऊन खाली पडत होता. चुना कमकुवत झाला आहे, तो काढून मजबूत काहीतरी भरावे, इतके ते मला उघड वाटले. सगळ्या दरजा खरवडून सिमेंटने भरल्या, आतल्या बाजूने सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला आणि माझ्या वहीत ‘दुरुस्ती पूर्ण’ असे लिहून खाली तारीख टाकली. सहा-सात वर्षांनी दुसऱ्या कामासाठी तिकडे जाणे झाले. गिलावा जागेवर होता, पण ठोकून पाहिल्यावर पोकळ वाजत होता. ओल आता छातीच्या उंचीपर्यंत चढली होती. बाहेरच्या बाजूला माझे सिमेंट जाळीसारखे पुढे उभे होते, आणि त्या जाळीच्या प्रत्येक चौकोनातल्या विटेचे तोंड पापुद्र्या-पापुद्र्याने झडून बोटभर आत गेले होते. माझे काम टिकले होते. गेली होती ती भिंत.

झाले काय होते, हे तुला पहिल्या सत्रातच शिकवतील, पण मला ते उशिरा कळले. जमिनीतून भिंतीत चढणारे पाणी सच्छिद्र दरजांवाटे उडून जात होते आणि त्याच्याबरोबर आलेले क्षार तिथेच, चुन्यात, स्फटिक होऊन बसत होते. त्यामुळे चुना भुसभुशीत होत होता, म्हणजेच विटेच्या वाटचे नुकसान तो स्वतःवर घेत होता. दर काही वर्षांनी त्या दरजा पुन्हा चुन्याने भरणे एवढीच त्या भिंतीची मागणी होती. मी ती वाट बंद केली. पाणी थांबले नाही, ते विटेतून बाहेर पडू लागले आणि क्षार विटेच्या तोंडाच्या आत साचून ते आतून ढकलू लागले. मी रोग म्हणून जे काढून टाकले, तेच त्या भिंतीचे औषध होते. चुना कसा तयार होतो, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो: चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरलेली कळी पाण्यात विझवतात, आणि भिंतीत गेल्यावर तो चुना हाच वायू हवेतून हळूहळू परत घेत पुन्हा दगड होतो. मात्र हे माहीत असूनही त्या भिंतीपुढे उभा राहिल्यावर त्याचा मला काहीही उपयोग झाला नाही.

म्हणून माझे तुला सांगणे असे आहे की तू इमारतींचा अभ्यास करशीलच, पण त्यांच्या दुरुस्त्यांचाही तितक्याच निगुतीने कर. जुनी इमारत मूळ स्थितीत आपल्या हाती आली, असे क्वचितच घडते. तिच्यावर आधी कोणाचा ना कोणाचा हात फिरलेला असतो आणि आजचे अर्धे दुखणे त्या हाताचे असते. हे केवळ माझ्यासारख्या नवख्या अभियंत्याच्या बाबतीत घडते असेही नाही. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर १८९८ पासून पुढे जवळजवळ चार दशके निकोलाओस बालानोस या अभियंत्याने पार्थेनॉन या प्राचीन ग्रीक मंदिराची आणि शेजारच्या वास्तूंची पुनर्उभारणी केली. संगमरवराचे दगड एकमेकांत अडकवण्यासाठी मूळ कारागिरांनीही लोखंडाचेच आकडे वापरले होते, पण ते बसवल्यावर त्यांच्याभोवती त्यांनी वितळलेले शिसे ओतले होते. बालानोसने आकडे घेतले आणि शिसे सोडले. लोखंड गंजले, गंजताना फुगले आणि त्याने दगड आतून फोडले. १९७५ मध्ये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली ते आकडे शोधून काढावे लागले आणि त्यांच्या जागी टायटॅनियम घालावे लागले; शिवाय बालानोसने काही दगड मूळ जागा सोडून भलतीकडेच बसवले होते, तेही हुडकावे लागले. त्यात मला अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच आहे. १९३१ साली अथेन्समध्येच जतनाविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यात बालानोसच्या कामाची चर्चा झाली आणि त्याच परिषदेच्या सनदेने आधुनिक साधनांच्या, विशेषतः सळयांच्या काँक्रीटच्या, विवेकी वापराला संमती दिली. म्हणजे ही चूक कोणा एकाच्या हटवादीपणाची म्हणता येत नाही. ती त्या काळच्या जाणत्यांच्या संमतीने होत होती. आज तुझ्या अभ्यासक्रमात ज्या पद्धतींना सर्वसंमती आहे, त्यांच्याकडेही या नजरेने पाहण्याची सवय तुला लागो.

पिसाच्या मनोऱ्याचे उदाहरण तर मला याहून मोलाचे वाटते, कारण तिथे तीच चूक करणाऱ्यांना थांबताही आले. १९३४ मध्ये पाया बळकट करावा म्हणून त्यात भोके पाडून सिमेंट भरले, तर मनोरा आणखी कलला. १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद झाल्यावर तज्ज्ञांची समिती कामाला लागली, आणि १९९५ मध्ये पायाजवळची जमीन गोठवून काम करत असताना मनोरा हलू लागला, तेव्हा ते काम तिथेच सोडून देण्यात आले. शेवटी जो उपाय लागू पडला तो अगदी साधा दिसतो: ज्या बाजूला मनोरा कलला होता तिच्या विरुद्ध, उत्तरेच्या बाजूने, पायाखालची माती तिरप्या नळ्यांतून थोडी थोडी काढून घेतली. मनोरा सुमारे अर्ध्या अंशाने मागे आला आणि डिसेंबर २००१ मध्ये पुन्हा उघडला. कल पुरता काढला नाही, आणि कोणाला तो काढायचाही नव्हता. या कामात सतत मोजमाप चालू होते आणि मोजणी जे सांगेल ते ऐकण्याची तयारी होती. माझ्या भिंतीच्या वेळी माझ्यापाशी या दोहोंपैकी एकही गोष्ट नव्हती.

तत्त्वज्ञानाचा भाग तुला माझ्याहून चांगला समजेल, तेव्हा त्यावर फार लिहीत नाही. जुनी वास्तू पूर्णत्वाला न्यावी म्हणणारा फ्रेंच वास्तुविद व्हियोले-ल-द्युक आणि ती आहे तशीच जपावी म्हणणारा इंग्रज लेखक रस्किन यांचा वाद, १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी काढलेली संस्था, जतनाची तत्त्वे मांडणारी १९६४ ची व्हेनिस सनद आणि १९९४ चे जपानमधल्या नारा येथील निवेदन, हे सगळे तू परीक्षेपुरते पाठ करशील. मात्र प्रत्येक विचार कोणत्या फसलेल्या कामाची प्रतिक्रिया म्हणून आला, हेही बरोबरीने शोधत जा. व्हेनिस सनदेतले एक वाक्य मला पटते: जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. नवा भाग जुन्यापासून ओळखू यावा, या कलमाचा मात्र पुष्कळ ठिकाणी बेढब ठिगळे लावण्यासाठी आधार घेतला जातो आणि त्याच कलमात नवा भाग जुन्याशी मिळताजुळता असावा असेही म्हटले आहे, हे सोयीस्कर विसरले जाते. ‘दुरुस्ती उलटवता येईल अशी असावी’ हे वाक्यही तू वारंवार ऐकशील. भिंतीत पिचकारीने भरलेला द्रव कोणी परत काढून दाखवलेला मी तरी पाहिलेला नाही. तेव्हा हा शब्द कोणी सहज वापरला, की ‘हे उलटवणार कसे आणि त्यासाठी काय फोडावे लागेल’ असे विचारायला संकोच करू नकोस.

शिक्षणसंस्थेत गेल्यावर पहिल्यांदा कार्यशाळा आणि प्रयोगशाळा कशा आहेत ते बघ. चुना विझवून, मुरवून, स्वतःच्या हाताने गिलावा करायला देत असतील तर तो तास चुकवू नकोस. गवंड्याच्या थापीखालून चुना कसा सरकतो आणि तो कधी ओढायचा, हे कोणत्याही सादरीकरणातून कळत नाही. जुन्या चुन्याचा नमुना आम्लात विरघळवून उरलेली वाळू चाळण्याची चाचणी तुला शिकवतील. ती साधी आणि उपयोगी आहे, पण त्या वाळूत शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा असेल तर तोही आम्लात जातो आणि मूळ मिश्रणात चुना होता त्याहून जास्त होता असा निष्कर्ष निघतो. अशा वेळी सूक्ष्मदर्शकाखाली पातळ छेद पाहणाऱ्याची मदत घ्यावी लागते. तुमच्या वर्गात स्थापत्य अभियंते असतील, पुरातत्त्वाचे आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी असतील. ज्याला जे येते ते त्याच्याकडून निःसंकोच शिकून घे.

नोंदीविषयी थोडे सविस्तर लिहितो. भेग दिसली की ती भरायची, हा आमच्या पिढीचा हात. तू तिच्यावर काचेची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटव, त्यावर तारीख लिही आणि किमान एक वर्ष, सगळे ऋतू होऊन जाईपर्यंत, तिच्याकडे बघत राहा. काच तडकली तर भेग जिवंत आहे, आणि काच तशीच राहिली तर भेग बहुधा जुनीच आणि शांत आहे. हल्ली लेझरने काही तासांत अख्खी इमारत लाखो बिंदूंत उतरवता येते आणि त्याची मला मोठी असूया वाटते. तरीही हाताने मोजून काढलेले रेखाटन सोडू नकोस, कारण मोजताना प्रत्येक सांध्यापाशी थांबावे लागते. पॅरिसच्या नोत्र-दाम या कॅथेड्रलचे ओक लाकडाचे छत १५ एप्रिल २०१९ च्या आगीत जळाले. त्याच्या काही वर्षे आधी रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्रांतसो या दोन वास्तुविदांनी त्या सांगाड्याची तपशीलवार मोजणी करून रेखाटने केली होती. अँड्र्यू टॅलन या कलेतिहासाच्या प्राध्यापकाने केलेले लेझर मापनही उपलब्ध होते. डिसेंबर २०२४ मध्ये ती वास्तू पुन्हा उघडली, तेव्हा तिच्यावर कुऱ्हाडीने तासलेल्या ओकचा जो सांगाडा उभा होता, त्यामागे ती रेखाटने होती. आग लागणार म्हणून कोणी मोजत नव्हते.

आता प्रबंधाचे. तुझ्या मनात आतापर्यंत कोणाचे लक्ष न गेलेली एखादी देखणी वास्तू घ्यायची आहे, असे तुझ्या आईकडून कळले. मी तुला अडवणार नाही. पण शक्य असेल तर वीस-तीस वर्षांपूर्वी दुरुस्त झालेली, चारचौघींसारखी एखादी इमारत घे आणि त्या दुरुस्तीचे पुढे काय झाले, एवढाच प्रश्न विचार. निविदा, मोजमाप पुस्तके, जुनी छायाचित्रे मिळव. त्या वेळचे गवंडी आणि देखरेखनीस हयात असतील तर त्यांच्याशी बोल. भिंतीत किती खोलीवर किती ओल आणि किती क्षार आहेत ते मोजून कागदावरच्या दाव्याशी ताडून पाहा. माहिती देताना लोक काचकूच करतील, कारण आपले काम कोणी तपासावे असे कोणालाच वाटत नाही. मलाही वाटले नसते. मात्र असा अभ्यास फार थोडे जण करतात, आणि पुढच्या माणसाला त्याचीच सर्वांत जास्त गरज असते.

या पत्रासोबत एक लहान खोका पाठवत आहे. त्यात माझी त्या वेळची वही आहे आणि त्या भिंतीवरून दुसऱ्या भेटीत गळून पडलेला एक तुकडा आहे: एका बाजूला विटेचा पापुद्रा, दुसऱ्या बाजूला माझे सिमेंट. इतकी वर्षे तो माझ्या टेबलाच्या खणात होता. वहीत सिमेंट-वाळूचे प्रमाण कुठेही लिहिलेले नाही, वाळू कोठली होती तेही नाही आणि मला आता आठवत नाही. तुझ्या प्रयोगशाळेत पहिली चाचणी याच तुकड्यावर कर, आणि काय निघते ते मला कळव.

तुझे,
बाबा