नोंदवहीतल्या एका ओळीबद्दल

काका,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव चारचौघांत घेतलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही.

काचघरामागचं ते जुनं झाड विद्यापीठाच्या बागेत कुठून आलं, एवढंच मला हवं होतं. तुमच्याआधी ज्यांना विचारलं त्यांनी पाटी वाचायला सांगितलं. एकाने तर ‘बाग बघायला असते, चौकश्या करायला नाही’ असं सुनावलं. पाटीवर नाव होतं, आणि मला वाचता येतं!

तुम्ही मात्र खाली बसून चिखलात रुतलेला बिल्ला पुसलात, त्यावरचा क्रमांक पाहून नोंदवही काढलीत. बी कुठलं, कोणी पाठवलं, कधी पेरलं, सगळं एका ओळीत. ही ओळ हरवली तर झाड कितीही डवरलेलं असो, संशोधकाला त्याचा फारसा उपयोग नाही, हे तुमच्याकडून कळलं.

मग तुम्ही रंगात आलात. इटलीतल्या पादुआ विद्यापीठाची बाग १५४५ची, वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती नीट ओळखता याव्यात म्हणून उभारलेली. तिथे १५८५मध्ये लावलेलं पामचं झाड अजून आहे. पिसाची बाग उभारणारे लुका गिनी वनस्पती दाबून, वाळवून कागदावर चिकटवायचे. आजचं प्रत्येक हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, त्याच वाटेने आलंय. बागा एकमेकींना बियांच्या याद्या पाठवतात, हेही मला नवीनच.

पण हे पुस्तकातही सापडलं असतं. झाडावर उमललेलं पहिलं फूल मी दाखवलं, तेव्हा तुम्ही वही माझ्यापुढे सरकवलीत. हातात पेन्सिल दिलीत, कारण शाई ओलीने पसरते. म्हणालात, ‘तुम्ही पाहिलंत ना, मग तुम्हीच लिहा.’ हाकललेल्या माणसाच्या हाती वही! लिहिण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन फूल पाहून आलात, तेही मला फार आवडलं. विश्वास टाकायचा, पण नोंद चुकू द्यायची नाही.

कामाची गोडी असलेल्याला विचारणाऱ्याचा त्रास होत नसावा. अशी माणसं बहुधा मोठ्या खुर्चीत नसतात, का कोण जाणे.

पहिल्या वहीची पानं कडेने तुटताहेत, तिची नक्कल करायला कोणी मिळत नाही म्हणालात. मी करते. अक्षर बरं आहे माझं, लॅटिन नावं तेवढी तुम्ही तपासा. कधी येऊ, कळवा.

आपली,
पेन्सिल परत द्यायला विसरलेली