वर्कहाऊस नको म्हणणाऱ्यांचाही इतिहास सांगा : आयर्लंडच्या वारसामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
गृहनिर्माण, स्थानिक शासन व वारसा खाते, आयर्लंड सरकार,
कस्टम हाउस, डब्लिन.

विषय : जुन्या वर्कहाऊसच्या जागांवरील माहितीत १८३६ ते १८४६ या काळातील स्थानिक विरोधाचा समावेश करण्याबाबत.

महोदय, स.न.वि.वि.

मी आयर्लंडमध्ये स्थायिक झालेला मराठी माणूस आहे आणि इथल्या ग्रामीण भागाच्या इतिहासाचा अनेक वर्षे वाचक आहे. या पत्राचा इंग्रजी मजकूर आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवला आहे. इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांपर्यंत आणि महाराष्ट्रातील वाचकांपर्यंतही हा विषय पोहोचावा, म्हणून तो मराठीतही प्रसिद्ध करत आहे.

जुन्या वर्कहाऊसच्या, म्हणजे निराधारांना आत ठेवून कामाच्या बदल्यात अन्न-निवारा देणाऱ्या सरकारी गरीबगृहांच्या, ज्या ज्या जागा मी पाहिल्या, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी हकिकत १८४५ मध्ये बटाट्यावर पडलेल्या रोगापासून सुरू होते. दुष्काळ, उपासमार, ज्वराची साथ, गच्च भरलेली दालने आणि सामुदायिक कबरी हे सारे खरेच आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. किल्केनीच्या वर्कहाऊसच्या आवारात २००६ च्या सुमारास ९०० हून अधिक माणसांचे सांगाडे सापडले, त्यांना विसरावे असे कोणीच म्हणणार नाही. पण या इमारती दुष्काळासाठी बांधलेल्या नव्हत्या. बहुतेक इमारती दुष्काळाआधीच उभ्या राहिल्या होत्या आणि त्या उभ्या राहू नयेत यासाठी आयर्लंडच्या गावोगावी लोक बोलले, अर्ज करत राहिले आणि शेवटी कर भरायला नकार देऊन बसले. १८३६ ते १८४६ हे दशक वगळल्यामुळे इथली गरीब जनता इतिहासात फक्त मरण्यापुरती येते. तिला स्वतःचे मत होते, हे पाहणाऱ्याला कळतच नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

१८३३ मध्ये सरकारने आयर्लंडमधील गरिबांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. डब्लिनचे प्रॉटेस्टंट आर्चबिशप रिचर्ड व्हेटली त्याचे अध्यक्ष होते. व्हेटली स्वतः अर्थशास्त्राचे जाणकार, गरिबांबद्दल भाबडेपणाने हळहळणाऱ्यांपैकी ते नव्हेत. तरीही या आयोगाची कामाची पद्धत आजही आदर वाटावा अशी होती. आयोगाचे साहाय्यक निवडक गावांत जाऊन उघड बैठका घेत आणि त्या बैठकांना धर्मगुरू, शेतकरी, दुकानदार यांच्याबरोबर मजूर, विधवा आणि भीक मागणारी माणसेही येऊन बोलत. त्यांचे म्हणणे लिहून घेतले गेले आणि छापले गेले. जुना बटाटा संपून नवा निघेपर्यंतच्या उन्हाळ्यातल्या महिन्यांत मजुराची बायको पोरांना घेऊन भीक मागायला निघे आणि ओळखीच्या लोकांसमोर हात पसरण्याची लाज वाटते म्हणून ती दूरच्या परगण्यात जाई, ही गोष्ट आपल्याला या जबान्यांतून कळते. दारात आलेल्याला छोटा शेतकरी पैसे देऊ शकत नसे, पण टोपलीतले चार बटाटे देई. हे देणे त्याला जड वाटत नव्हते. तेवढ्याच किमतीची रोख पट्टी, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठीचा कर, भरणे मात्र त्याला जड जाणार होते, कारण त्याच्या हातात रोकड अशी नसायचीच. पुढच्या सगळ्या झगड्याचे बीज इथेच आहे असे मला वाटते.

आयोगाचा निष्कर्ष स्पष्ट होता. वर्षातले सुमारे ३० आठवडे मदतीची गरज पडेल अशा लोकांची संख्या त्याने २३ लाख ८५ हजार काढली. इंग्लंडमधील वर्कहाऊस काम टाळणाऱ्याला कामाकडे ढकलण्यासाठी होते आणि इथे तर माणसे काम मागत होती, कामच नव्हते. म्हणून जमिनीची सुधारणा, सार्वजनिक कामे आणि स्थलांतराला मदत असे मार्ग आयोगाने सुचवले आणि वर्कहाऊस नाकारले. लंडनच्या सरकारला हे मानवले नाही. गृहमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनी १८३६ मध्ये जॉर्ज निकोल्स यांना आयर्लंडला धाडले. निकोल्स इंग्लंडमधील गरीब कायद्याचे, म्हणजे गरिबांच्या मदतीच्या कायद्याचे, आयुक्त होते आणि त्याआधी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर कप्तान होते. आयोगाने तीन वर्षे घेतली होती, निकोल्स यांना काही आठवडे पुरले. ८०,००० जणांची सोय झाली की भागेल, म्हणजे ८० लाख लोकसंख्येच्या शेकडा एक, असा त्यांचा हिशेब होता. वर्कहाऊसमधील जिणे बाहेरच्या गरिबीपेक्षा वाईट असले पाहिजे, हे इंग्लंडचे तत्त्व होते. आयरिश मजुराच्या खोपटापेक्षा आणि त्याच्या बटाट्यापेक्षा वाईट असे काही देणेच शक्य नाही, हे निकोल्स यांनाही दिसत होते. त्यावर त्यांचा उपाय असा की कोंडून ठेवणे आणि शिस्त यांचाच धाक पुरेसा होईल. आयोगासमोर बोललेल्या हजारो माणसांचे शब्द बाजूला ठेवून ३१ जुलै १८३८ रोजी आयर्लंडसाठी वर्कहाऊसचा कायदा झाला.

त्या काळात पार्लमेंटकडे आयर्लंडमधून या विधेयकाच्या विरोधात गेलेले अर्ज त्याच्या बाजूने गेलेल्या अर्जांपेक्षा कितीतरी जास्त होते. आयरिश कॅथलिकांचे पुढारी डॅनिएल ओ'कॉनेल यांनी विरोधात मत दिले. कायदा झाल्यावर देशाचे १३० युनियन, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठीचे विभाग, पाडले गेले आणि प्रत्येकात एक वर्कहाऊस ठरले. ऑक्सफर्डशायरचे तरुण वास्तुविशारद जॉर्ज विल्किन्सन यांनी जवळजवळ सारखेच नकाशे देशभर वापरले. स्वस्त आणि टिकाऊ बांधकाम, सजावटीला पूर्ण फाटा. भिंतींना गिलावा नाही, फक्त चुना. झोपण्याच्या दालनात मधोमध चालायची खोलगट वाट आणि दोन्ही बाजूंना लाकडी ओटे, त्यांवर गवताच्या गाद्या ओळीने. पुरुष, बायका, मुलगे, मुली यांची अंगणे वेगळी आणि मध्ये उंच भिंत. घरातली सगळी माणसे एकत्र आत यायची आणि दारातच एकमेकांपासून तुटायची. जी माणसे लाजेने परक्या परगण्यात भीक मागायला जात होती, त्यांना आपल्याच युनियनमध्ये सगळ्यांदेखत या दारातून आत जाणे काय वाटले असेल, हे मोठ्या पुराव्याशिवायही समजते.

या इमारतींसाठी सरकारने दहा लाख पौंडांहून अधिक कर्ज दिले. ते फेडायचे मात्र त्या त्या युनियनच्या गरीबपट्टीतून. म्हणजे लंडनने ठरवायचे, इंग्रज वास्तुविशारदाने बांधायचे आणि पश्चिमेच्या मेयो परगण्यातल्या कुळाने पैसे द्यायचे. खर्च अंदाजाबाहेर गेल्याच्या आणि काम निकृष्ट झाल्याच्या तक्रारी युनियनचा कारभार पाहणाऱ्या गार्डियन मंडळांनी इतक्या केल्या की सरकारला वास्तुविशारद जेम्स पेनेथॉर्न यांच्याकडे चौकशी सोपवावी लागली. वाद इमारतीपुरता नव्हता. मंडळावर धर्मगुरूंना मनाई होती, दंडाधिकारी पदसिद्ध सदस्य होते आणि मोठ्या मालमत्तेला एकापेक्षा अधिक मते होती. अशा व्यवस्थेतही करदात्यांनी निवडून दिलेले गार्डियन जेव्हा पट्टी लावायलाच नकार देत, तेव्हा तो गावाचाच आवाज होता.

गॉलवे परगण्यातील ट्यूमचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तिथली इमारत १८४२ च्या ऑगस्टमध्ये राहण्यायोग्य म्हणून जाहीर झाली आणि पहिला गरीब माणूस आत घेतला गेला तो मे १८४६ मध्ये. जवळजवळ चार वर्षे ती भलीमोठी इमारत रिकामी उभी राहिली. कॅथलिक आर्चबिशप जॉन मॅकहेल यांचे ते गाव आणि या कायद्याला त्यांचा विरोध जगजाहीर होता. मेयोतील वेस्टपोर्टचे वर्कहाऊसही १८४२ मध्ये तयार होऊन नोव्हेंबर १८४५ पर्यंत बंद राहिले. चर्चच्या दशांश कराविरुद्धच्या लढ्याला तेव्हा दहा वर्षेही लोटली नव्हती आणि वसुलीदाराला गावाबाहेर कसे ठेवायचे हे लोकांना चांगले ठाऊक होते. गॉलवे आणि मेयोत काही पेन्सची पट्टी गोळा करायला पोलिसांबरोबर सैन्य पाठवावे लागले. गोळा होणाऱ्या रकमेपेक्षा गोळा करण्याचा खर्च जास्त, असा तो कारभार होता.

महोदय, हा विरोध केवळ पराक्रम म्हणून रंगवावा अशी माझी मागणी नाही. त्यात जमीनदार होते, ज्यांना आपल्या कुळांसाठी दमडीही द्यायची नव्हती. त्यात सुखवस्तू शेतकरी होते, ज्यांना मजुराची चिंता नव्हती. आणि ट्यूम किंवा वेस्टपोर्टचे दार बंद राहिले, तेव्हा त्या भागातील निराधार माणसाला कायद्याने मिळणारी एकमेव मदतही मिळाली नाही, कारण या कायद्यात वर्कहाऊसबाहेर मदत देण्याची सोयच नव्हती. विरोधाला मिळालेले यशसुद्धा सरळ नव्हते. १८४३ च्या दुरुस्तीने वार्षिक मूल्य चार पौंडांपर्यंत असलेल्या जमिनीवरची पट्टी कुळाऐवजी जमीनदारावर टाकली. लहान कुळांची सुटका झाली असे तेव्हा वाटले. पण त्यामुळे असे प्रत्येक कूळ जमीनदाराच्या वहीत खर्चाची बाब होऊन बसले आणि दुष्काळ आला तेव्हा त्याला हुसकावून लावण्याला आणखी एक कारण मिळाले. मेयोतील कॅसलबारच्या मंडळाचे अध्यक्ष जमीनदार लॉर्ड लुकन होते. १८४६ च्या शरद ऋतूत तिथे पट्टीची तिजोरी रिकामी असल्याने नव्या माणसांना दारातूनच परत पाठवण्यात आले. हे सगळे मिळून सांगितल्याशिवाय दुष्काळात वर्कहाऊस का कोलमडली हे समजत नाही. ती जेमतेम चार-पाच वर्षांची, कर्जात बुडालेली आणि गावाने कधी आपली न मानलेली संस्था होती.

मराठी वाचकाला यातले काही ओळखीचे वाटेल. १८७७ मध्ये मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या मापाला आणली गेली, तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांच्या बाजूने सरकारकडे निवेदनांवर निवेदने पाठवली. उपाशी माणूस मदतीच्या अटींबद्दल बोलू शकतो, हे आमच्याकडेही पाठ्यपुस्तकात फारसे येत नाही.

आपल्याकडून मला काय हवे आहे ते स्पष्ट लिहितो. सरकारच्या किंवा स्थानिक परिषदांच्या मालकीच्या ज्या वर्कहाऊसच्या जागी फलक आहेत, तिथे त्या युनियनची गरीबपट्टी कधी लागली, कोणी अडवली आणि दार कधी उघडले एवढे तरी लिहिले जावे. ट्यूमच्या जागेबाबत हे विशेष काळजीने व्हावे. तीच इमारत पुढे १९२५ ते १९६१ या काळात अविवाहित मातांसाठीचे माता-बालक गृह झाली, तिथे मरण पावलेल्या मुलांचा आकडा ७९६ आहे आणि २०२५ पासून तिथे उत्खनन सुरू आहे. त्या कुटुंबांच्या दुःखावर दुसऱ्या कुठल्या इतिहासाची सावली पडू नये. मात्र ज्या गावाने ही इमारत चार वर्षे उघडू दिली नाही, त्याच गावात पुढे ती काय झाली, हा धागा या जागेच्या नोंदीतून गळू नये.

दुसरी गोष्ट कागदांची. आपले कार्यालय ज्या कस्टम हाउसमध्ये आहे, ते मे १९२१ मध्ये जळले आणि पुढच्या काळात गरीब कायद्याचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक शासन मंडळाचे बरेचसे दप्तर त्यात गेले. त्यामुळे गार्डियन मंडळांच्या इतिवृत्तांच्या वह्या आता अधिकच मोलाच्या आहेत. त्या परगण्यांच्या ग्रंथालयांत आणि अभिलेखागारांत विखुरलेल्या आहेत, काही परगण्यांनी त्यांच्या डिजिटल प्रती केल्या आहेत, सर्वांनी नाही. पट्टी लावायला नकार देणारे ठराव, बांधकामाबद्दलच्या तक्रारी, डब्लिनहून आलेल्या ताकिदी आणि त्यांना दिलेली उत्तरे सापडायची ती याच वह्यांत. १८४६ पूर्वीच्या सर्व वह्या आधी डिजिटल कराव्यात आणि त्यासाठी परगण्यांच्या अभिलेखपालांना येत्या अर्थसंकल्पात वेगळा निधी द्यावा, अशी माझी विनंती आहे. या मागणीवर आपल्या खात्याची भूमिका काय आहे ते लेखी कळवावे. आपले उत्तर मी मराठी वाचकांसाठीही प्रसिद्ध करीन.

आपला विश्वासू,
आयर्लंडमधील एक मराठी रहिवासी