गरम झाला की बंद पडणारा मोवर: वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

फुलेवाडी, कोल्हापूर
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय

विषय: वॉरंटीतल्या राइडिंग लॉन मोवरचे इंजिन वारंवार बंद पडणे, चुकीचे निदान आणि त्यापोटी घेतलेले ८,८५० रुपये परत मिळणेबाबत

महोदय,

गगनबावडा रस्त्याला आमचं लग्नाचं लॉन आहे. दीड एकर हिरवळ. मी, मुलगा आणि सून असे तिघं मिळून सांभाळतो, घर त्यावरच चालतं. ढकलायच्या मशिननं एवढं गवत कापायला दोन दिवस जायचे, म्हणून मे महिन्यात सव्वातीन लाख रुपये मोजून तुमचा बसून चालवायचा मोवर घेतला. वॉरंटी दोन वर्षांची. आज त्याच्या मीटरवर अवघे ३८ तास दिसतात आणि त्यातले किती सुखाचे गेले ते मलाच ठाऊक.

दोष साधा आहे, म्हणून सरळच सांगतो. सकाळी किल्ली फिरवली की इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. २५-३० मिनिटं झकास चालतं. मग दोन आचके देऊन गप्प. त्यानंतर कितीही स्टार्टर मारा, इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही. पाऊण तास सावलीत उभं केलं की पुन्हा जणू काही झालंच नव्हतं. ऑगस्टपासून हे असंच चालू आहे. मी तारखा, वेळा आणि मीटरचे आकडे वहीत लिहून ठेवलेत, प्रत सोबत जोडली आहे.

तुमचा तंत्रज्ञ पहिल्यांदा ऑगस्टच्या शेवटी आला. सकाळी साडेनऊला. मशिन थंड. त्यानं सुरू केलं, पाच मिनिटं ऐकलं, स्पार्क प्लग बदलला आणि म्हणाला, "काका, मशिन एकदम ओके आहे." मी म्हटलं, अर्धा तास थांबा, चहा घ्या, मग दाखवतो. त्याला पुढं सांगलीला जायचं होतं. सप्टेंबरात दुसरा आला. त्यानं कार्बोरेटर खोलला, पेट्रोल खराब आहे म्हणाला आणि नवीन कार्बोरेटर बसवला. वॉरंटीतल्या मशिनला! दोन भेटींचे प्रत्येकी १,१८० आणि कार्बोरेटरचे ६,४९०, सगळं जीएसटीसकट. जुना कार्बोरेटर मागितला तर तो "कंपनीत जमा करावा लागतो" म्हणून घेऊन गेला. नवा बसवल्यावर तिसऱ्याच दिवशी मशिन २६ व्या मिनिटाला बंद पडलं.

त्यानंतर फोनवर मला सांगण्यात आलं की पेट्रोलमुळं झालेल्या बिघाडाला वॉरंटी लागू होत नाही.

पेट्रोल खराब असेल, तर तेच पेट्रोल पाऊण तासानं चांगलं कसं होतं? टाकी तीच, पेट्रोल तेच, फक्त इंजिन निवलेलं. एवढा एक प्रश्न तुमच्या दोघांपैकी कुणालाही पडू नये, याचं मला नवल वाटतं. मी शिरोलीच्या एमआयडीसीत ३१ वर्षं फौंड्रीत काढली आहेत. लोखंड तापल्यावर वेगळं वागतं, हे मला शिकवायला कुणी पुण्याहून यायला नको.

या सीझनमधल्या आमच्या पहिल्या लग्नाच्या आदल्या दिवशी मोवर बरोबर लॉनच्या मध्यावर थांबला. अर्ध्या डोक्याची हजामत करून न्हावी उठून जावा तसं लॉन दिसत होतं. स्टेजवाले, मांडववाले आणि मी, सहा जणांनी ढकलला तरी जागचा हलेना. मागच्या बाजूचा बायपासचा दांडा ओढल्याशिवाय चाकांना अडकवून धरणारा गिअर मोकळा होत नाही, हे मुलानं तुमच्या पुस्तिकेत शोधून काढलं. मशिन देताना हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. उरलेलं गवत रात्री अकरापर्यंत हॅलोजनच्या उजेडात भाड्याच्या ब्रश कटरनं कापून घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींना घेऊन आलो. त्यांनी मशिनला हात लावायच्या आधी एकच विचारलं: "मालक, बंद पडल्या पडल्या प्लगला करंट बघितलासा काय?" नव्हता बघितला. कुणीच नव्हता बघितला.

मग आम्ही मशिन चालवत बसलो. २८ व्या मिनिटाला आचके सुरू होताच त्यांनी टाकीचं झाकण सैल केलं. झाकणाचं भोक बुजलं की आत हवा जात नाही आणि पेट्रोल उतरत नाही, म्हणून आधी ते. फरक शून्य. इंजिन बंद पडल्यावर किल्ली चालू करून कार्बोरेटरखालच्या सोलेनॉइडला, म्हणजे पेट्रोलची वाट उघडणाऱ्या विजेच्या खटक्याला, बोट लावलं, टक् वाजलं, म्हणजे तोही ठीक. प्लग काढला तर ओलाचिंब, पेट्रोलचा वास मारणारा. म्हणजे पेट्रोल आत पोचतंय. तोच प्लग वायरला लावून इंजिनच्या अंगाला टेकवला आणि स्टार्टर मारला: एक ठिणगी नाही. माणूस उठला की इंजिन बंद करणाऱ्या सीटखालच्या स्विचचा दोष नको म्हणून ठिणगी पाडणाऱ्या कॉइलची बंद करायची वायर काढून पाहिलं. तरीही नाही. वरचं पत्र्याचं कव्हर उतरवलं, इंजिन गार ठेवणाऱ्या फिन्समध्ये थोडं गवत होतं ते साफ केलं. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनवरचं चुंबकाचं चाक, आणि कॉइलमधली फट आमच्या आचाऱ्याचं व्हिजिटिंग कार्ड घालून मोजली, ती बरोबर. पाऊण तासानं निळी, जोरकस ठिणगी. पुन्हा चालवलं, पुन्हा तापल्यावर ठिणगी गायब. कॉइल तापली की आतलं वाइंडिंग तुटतं आणि निवली की जुळतं, असं मिस्त्रींचं म्हणणं. या सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण मुलानं केलं आहे, पेन ड्राइव्ह सोबत आहे. मिस्त्रींनी कुठलाही भाग बदललेला नाही, त्यामुळं "बाहेरच्या माणसानं हात लावला" हे कारण कृपया काढू नये.

आता पेट्रोलचं. तुमच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलं आहे. आमच्या पंपावर २० टक्केवालं मिळतं आणि मशिन विकताना तुम्हाला हे माहीत होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाच्या मळीपासून कारखाने इथेनॉल काढतात, तेच पेट्रोलमध्ये मिसळतं आणि कोल्हापूरच्या माणसानं ते टाकीत ओतलं की त्याची वॉरंटी जाते, हा न्याय अजब आहे. इथेनॉल पाणी ओढतं, पेट्रोल फार दिवस पडून राहिलं तर त्रास होतो, हे मलाही कळतं. म्हणून पावसात आठवडाभर काम नसेल तर मी टाकी रिकामी करून ठेवतो. पण कॉइलला इथेनॉलचं काय देणंघेणं?

माझी मागणी अशी: इग्निशन कॉइल वॉरंटीत, विनामूल्य बदलून द्यावी. ८,८५० रुपये परत करावेत. आणि १० टक्केवालं पेट्रोल कोल्हापुरात नेमकं कुठल्या पंपावर मिळतं ते लेखी कळवावं, किंवा ती अट या मशिनपुरती मागं घ्यावी. ब्रश कटरचं भाडं मी मागत नाही, तो माझा धडा समजतो.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, नोंद करून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यानं मी राहतो तिथंच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंत शुल्कही नाही. हा व्यावसायिक वापर आहे असं म्हणून सुटू पाहाल, तर स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या कायद्यात ग्राहकाचीच धरली जाते, तेवढं वाचून घ्यावं.

तंत्रज्ञ पाठवणार असाल तर कॉइल सोबत द्या आणि त्याला दुपारचा मोकळा ठेवा. अर्धा तास मोवर चालवून, बंद पडल्यावरच कव्हर उघडायचं. चहा आमच्याकडं आहे.

आपला,
मोवरचा मालक

सोबत: बिलांच्या प्रती, वॉरंटी कार्ड, वहीची प्रत, पेन ड्राइव्ह