चि. मुक्तास

परभणी, रविवार रात्र

चि. मुक्ता, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला स्क्रीनशॉट पाहिला. 'तुमच्या खात्यात नवीन लॉगिन झाले' आणि खाली निळं बटण. ते दाबलं नाहीस ना? 'बघते' म्हणून फोन ठेवलास, त्यानं माझं समाधान झालं नाही.

मेल खराही असेल, गूगल असे इशारे पाठवतं. पण नावा-चिन्हासकट नकलीही हुबेहूब तसाच करता येतो. म्हणून त्यातून कुठंच जाऊ नको. ब्राउझरमध्ये स्वतः मायअकाउंट डॉट गूगल डॉट कॉम टाइप कर, 'सिक्युरिटी'त जा. इशारा खरा असेल तर अलीकडच्या हालचालींत त्याची नोंद असते. नसेल तर मेल फिशिंग, म्हणजे पासवर्ड काढून घेणारी फसवणूक, म्हणून गूगलला कळव आणि सोड.

नोंद आहे पण लॉगिन तुझं नाही, असं असेल तर अनोळखी डिव्हाइस साइन आउट कर, पासवर्ड बदल. दुसरीकडं कुठं वापरलेला टाकू नको. रिकव्हरीला, म्हणजे खातं अडकलं तर परत मिळवायला, दादाचा जुना नंबर दिलेला असेल तर आजच काढ. बंद पडलेला नंबर पुढं दुसऱ्याला दिला जातो.

बहुतेक लोक इथंच थांबतात. आत शिरलेला माणूस जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगला स्वतःचा पत्ता घालून ठेवतो, नाहीतर फिल्टर लावतो, म्हणजे बँकेचे मेल तुला न दिसता परस्पर कचऱ्यात. पासवर्ड बदलला तरी हे चालूच राहतं. कुलूप नवं, परसदार उघडं. 'फिल्टर्स' आणि 'फॉरवर्डिंग' दोन्ही लॅपटॉपवर उघडून बघ, मोबाइलच्या ॲपमध्ये सापडणार नाहीत.

किती बोलतोय मी. इंजिनिअर तू होणारेस, आणि शिकवतोय मी. राग मानू नको. स्कॉलरशिपच्या परीक्षेला हॉल तिकीट मुठीत इतकं घट्ट धरलं होतंस की घामानं शाई फुटली होती. नानी अजून सगळ्यांना सांगते. आता ऑफर लेटर याच मेलवर यायचंय, म्हणून जीव वरखाली होतो.

आणि बटण दाबून पासवर्ड टाकला असशील तरी सांग, लेकरा. कुणी रागावणार नाही. लपवलंस तर मात्र वेळ हातची जाईल. तोच पासवर्ड जिथं जिथं आहे तिथं सगळीकडं बदल. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लाव, मग बँकेला.

टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, चालू केलीस की फोन हाताशी नसताना वापरायला १० बॅकअप कोड घेता येतात, एक कोड एकदाच चालतो. कागदावर उतरवून पेटीत ठेव, फोनमध्ये नको. झालं की कितीही वाजलेले असोत, फोन कर.

तुझे पप्पा