सही दोघांची, मग उत्पन्न एकट्याचं कसं?

पणजीच्या लॉ कॉलेजातल्या मुलामुलींनो,

तुम्ही आमच्याकडून चहासुद्धा घेतला नाही, तेव्हा आभार तरी चारचौघांत मानते.

आयकर खात्याची नोटीस आमच्या ह्यांच्या नावावर आली. खाणी बंद पडल्यापासून हे एका दुकानात हिशेब लिहितात, त्या पगारावर कर बसायचा प्रश्नच नाही. सासऱ्यांची डिचोलीतली जमीन तेवढी चौघा भावंडांनी मिळून विकली होती, एकाच खरेदीखताने. ठरावीक रकमेच्या वरचा व्यवहार झाला की त्याची माहिती सब-रजिस्ट्रारकडून आयकर खात्याला जाते. तशी ती गेली, आणि अख्खी रक्कम ह्यांच्या माथी बसली! बाजारात रिटर्न भरून देणारा एकजण आहे. त्याने आधी फी घेतली आणि मग म्हणाला, "भरावंच लागेल." भावंडं किती, कोणाच्या वाट्याला काय आलं, काही विचारलं नाही.

पंचायतीच्या हॉलमध्ये लोकांना कायद्याची मदत करायला तुम्ही बसता हे मला अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं. खरं सांगते, कॉलेजची पोरं बघून हे परत फिरायला निघाले होते. तेवढ्यात तुमच्यातल्या एकीने खरेदीखत मागून घेतलं आणि पेन्सिल हातात धरून पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. शेवटच्या पानावर आल्यावर तिने विचारलं, "काकी, ही सही तुमची ना? मग उत्पन्न काकांच्या एकट्याचं कसं?"

लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात नवराबायकोची मालमत्ता सामाईक, वारशाने आलेलीसुद्धा. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा, मुक्तीनंतरही चालू राहिलेला. जमीन विकताना बायकोची सही लागते हे इथल्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल. पण १९६१ च्या आयकर कायद्यातही त्यासाठी ५ए नावाचं कलम आहे, हे त्या फी घेणाऱ्यालाही ठाऊक नसावं! १९९४ साली ते कायद्यात आलं आणि १९६३ पासून लागू धरलं, असं तुम्ही सांगितलंत. पगार ज्याचा त्याचा. बाकीचं, म्हणजे घरभाडं, व्याज, जमिनीवरचा नफा, अर्धं त्याचं आणि अर्धं तिचं. म्हणजे आधी चौघा भावंडांत वाटणी, मग ह्यांच्या वाट्याचे दोन भाग.

एक गोष्ट मला फार आवडली. तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंत की आम्ही अजून वकील नाही, तुमच्या वतीने खात्यापुढे उभे राहू शकत नाही. उत्तर तयार करून देऊ, आमचे सर ते तपासतील, पण पाठवायचं काकांनीच, स्वतःच्या लॉगिनवरून. मोठमोठ्या ऑफिसांत इतकं सरळ कोणी बोलत नाही. मग कागद गोळा करणं आलं: लग्नाच्या नोंदीचा दाखला, एक-चौदाचा उतारा (आमच्या गोव्यातला सातबाराच म्हणा), कोणाच्या खात्यात किती जमा झाले ते दाखवणारी पासबुकं. २००१ च्या आधीपासूनच्या वडिलोपार्जित जमिनीची मूळ किंमत १ एप्रिल २००१ च्या भावाने धरता येते, म्हणून मूल्यांकन करून घ्यावं लागलं. त्याचा खर्च आम्हालाच पडला, आणि तो पडणार हेही तुम्ही आधीच सांगितलं होतं.

शेवटी दोघांची वेगवेगळी रिटर्न भरली. माझ्या नावाचं रिटर्न आयुष्यात पहिल्यांदाच! थोडा कर बसला, तो भरला. पण नोटिशीतल्या रकमेवर बसला असता त्याच्यापुढे तो काहीच नव्हता. ह्यांची झोप परत आली, ते वेगळंच.

आता वाळपईच्या जावेलाही तसंच पत्र आलंय. तिच्या लग्नाच्या नोंदीत नावाचं स्पेलिंग चुकलंय, ते आधी दुरुस्त करायला सांगितलंय. पुढच्या खेपेला ती येईल तेव्हा खरेदीखताची सगळी पानं घेऊन येईल, शेवटचं धरून.

तुमची,
डिचोलीची काकी