आईची खरी जन्मतारीख

प्रिय बंड्या,

सात महिने झाले तुला काही लिहिलं नाही, तुझे तीन मेसेज तसेच पडून आहेत, आणि आता लिहितोय तेही माझंच काम अडलंय म्हणून, तेव्हा आधी पोटभर शिव्या घालून घे आणि मग वाच. तब्येत बरी. बीपीची गोळी एकाची दीड झाली, हिची पाठ तशीच, बाकी काही नाही.

चिमीने बाप्तिस्मा घेतला. मॉर्मन झाली. ते लोक आता स्वतःला तसं म्हणवून घेत नाहीत, त्यांचे तेव्हाचे प्रमुख रसेल नेल्सन यांनी 2018 साली सांगितलं की चर्चचं पूर्ण नावच घ्या, 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', पण एवढं लांब नाव कोण दरवेळी घेणार, चिमीही घाईत असली की मॉर्मनच म्हणते. पाच महिने झाले त्याला. ताईला कळवलं, भावजींना कळवलं, तुला नाही. का ते तुला माहितीये. तुझा दादा घर सोडून त्या लोकांत जाऊन राहिला तेव्हा तुझ्या गॅलरीत उभा राहून मी तुला सुनावलं होतं, सज्ञान आहे तो, त्याचं त्याला ठरवू दे, तुम्ही घरचे त्याला मालमत्ता समजता. तू ग्लास आपटलास आणि आत गेलास, आणि दीड वर्ष आपण बोललो नाही. आत जाताना म्हणालास, तुझ्या घरात होऊ दे मग बोल. तर आता बोलतोय. तुझ्या आईला त्या वर्षी मी एकदाही भेटायला आलो नाही ते मला आता फार लागतंय बंड्या, खरंच.

बाप्तिस्मा आम्ही व्हिडिओवर पाहिला, कुणीतरी फोन धरून उभं होतं. खोलीत कमरेइतक्या पाण्याचा हौद, चिमी पांढऱ्या कपड्यांत, शेजारी पांढऱ्याच कपड्यांत एक मुलगा, तिच्याच वयाचा असेल. त्याने उजवा हात वर केला, तिचं पूर्ण नाव घेतलं, माझ्या नावासकट, एक वाक्य म्हटलं आणि तिला मागे झुकवून पाण्यात बुडवलं. ती वर आली, नाक पुसतेय, हसतेय, आणि कडेला उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाने मान हलवली. नाही झालं. त्यांच्यात नियम आहे, सगळं अंग, कपडे, केस, एकदम पाण्याखाली गेलं पाहिजे, तेवढ्यासाठी दोन साक्षीदार उभे असतात. चिमीच्या वेणीचं टोक वर तरंगत राहिलं होतं. ती पाच पेडांची वेणी आहे ना, आईने शिकवलेली, तीच. चिमीने वेणी गोळा केली, मागून कपड्याच्या आत खोचली आणि परत उभी राहिली, त्या मुलाने सगळं पहिल्यापासून म्हटलं, परत बुडवलं. त्या दुसऱ्या वेळेला ही उठून आत गेली. मी बघत बसलो. पहिल्यांदा ती घाबरलेली होती, दुसऱ्यांदा नव्हती, तेवढं मला फोनच्या पडद्यावर पण दिसलं.

ती कशी काय वळली हे मला अजून नीट सांगता येत नाही. तिला सांगता येतं. तिथल्या पहिल्या हिवाळ्यात ताप आला, चार दिवस खोलीत एकटी पडून होती, रूममेट घरी गेलेली. खालच्या मजल्यावरच्या एका मुलीकडे दोन मिशनरी पोरी यायच्या, छातीवर नावाची पट्टी, कायम जोडीने फिरतात त्या, एकटं फिरायची मुभाच नसते. त्यांनी हिला सूप आणून दिलं आणि बसल्या. धर्माचं एक अक्षर काढलं नाही म्हणे त्या दिवशी. मला हे कळलं तेव्हा मी म्हणालो हीच तर पद्धत असते, एकटं माणूस गाठायचं. चिमी म्हणाली, "बाबा, एकटी होते हे त्यांना कळलं, तुम्हाला नाही कळलं." मी गप्प. त्या चार दिवसांत मी दोनदा फोन केला होता, दोन्ही वेळा पैसे पुरतात ना विचारून ठेवून दिला होता.

तरी मी सोडलं नाही. तू मला ओळखतोस. महिनाभर रात्री बसून वाचलं, त्यांचं 'बुक ऑफ मॉर्मन' हे पुस्तक वाचलं आणि त्याच्या विरोधातलंही. 1820 साली न्यूयॉर्क राज्यातला चौदा वर्षांचा शेतकऱ्याचा पोरगा, जोसेफ स्मिथ, कुठलं चर्च खरं हे विचारायला झाडीत जाऊन गुडघे टेकतो आणि त्याला देव आणि येशू दोघं दिसतात. (चौदाव्या वर्षी तू बीजगणिताच्या उत्तरपत्रिकेत 'देवा वाचव' असं तीनदा लिहिलं होतंस, तुला कुणी दिसलं नाही, फक्त सर दिसले.) मग देवदूत, टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे, त्यांचं भाषांतर, 1830 मध्ये पुस्तकाच्या 5000 प्रती छापल्या आणि त्याच वर्षी 6 एप्रिलला चर्च सुरू. 1844 मध्ये इलिनॉयच्या कार्थेज तुरुंगात जमावाने त्याला आणि त्याच्या भावाला गोळ्या घातल्या, तेव्हा तो 38 वर्षांचा. मग ब्रिगम यंग राहिलेल्यांना घेऊन निघाला आणि 1847 च्या जुलैमध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. हे वाचताना मी त्या माणसांत अडकलो हे कबूल करतो, पण मला हवा होता दारूगोळा, आणि तो भरपूर मिळाला. बहुपत्नीत्व, ते 1890 साली बंद केलं. काळ्या पुरुषांना पुरोहितपद नाही, ते थेट 1978 पर्यंत. आणि जोसेफने टोपीत एक दगड ठेवून त्यात तोंड घालून भाषांतर सांगितलं ते.

सगळं एका मेलमध्ये लिहून पाठवलं. तिचा तासाभरात फोन. शांत. म्हणाली बाबा हे सगळं चर्चच्या स्वतःच्या वेबसाइटवर आहे, 2013 नंतर त्यांनीच लेख लिहून टाकलेत, दगडाचंही आहे, जोसेफच्या बायकांतली सगळ्यात लहान पंधरा पूर्ण व्हायला काही महिने कमी होती हेही आहे, मी बाप्तिस्म्याच्या आधी वाचलं, दोन आठवडे मला झोप नव्हती, तुम्हाला फोन करावासा वाटत होता पण तुम्ही ते जिंकायला वापरलं असतं.

बंड्या, वापरलंच असतं.

मग मी विचारलं की तरी का? ती म्हणाली पुस्तकाच्या शेवटी मोरोनाय म्हणून भाग आहे, त्याच्या दहाव्या अध्यायात लिहिलंय की हे खरं आहे का ते मनापासून देवाला विचारा, तो पवित्र आत्म्याकडून कळवेल. तिने विचारलं. काय झालं ते तिने मला सांगितलं नाही, म्हणाली सांगेन कधीतरी. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. लहानपणी ही पोरगी स्वप्न पडलं तरी पहाटे उठवून सांगायची.

बारीकसारीक गोष्टींनी जीव जातो. चहा कॉफी बंद, दारू तंबाखू तर नाहीच, 1833 सालच्या त्यांच्या वर्ड ऑफ विज्डम नावाच्या वचनात 'गरम पेयं' नकोत असं आहे आणि त्याचा अर्थ ते चहा आणि कॉफी असा लावतात. सुट्टीत घरी आली तेव्हा रात्री अकराला मी सवयीने दोन मग काढले, ती म्हणाली मी नुसतं गरम पाणी घेते, आणि खरोखर गरम पाण्याचा मग घेऊन माझ्यासमोर बसली, आधीइतकाच वेळ, दीड वाजेपर्यंत. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास, दोन जेवणं सोडायची आणि त्याचे वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. मी खवळलो, मी पाठवतो त्यातून पण? म्हणाली नाही, फक्त लायब्ररीतल्या माझ्या कामाचे मिळतात त्यातून. पै पैचा हिशोब वहीत. आईवर गेलीये.

हिची काळजी वेगळी, लग्नाची. त्यांच्या मंदिरात आपल्याला जाता येत नाही, चर्चमधल्याही सगळ्यांना नाही, त्यांचं परवानगीपत्र लागतं, आणि मुलीचं लग्न आत चाललेलं असताना आईबाप बाहेर बाकावर बसलेत असं नेहमी होतं. ही दोन रात्री त्याच्यावर रडली. मग चिमीनेच सांगितलं की 2019 पासून आधी बाहेर सगळ्यांसमोर लग्न करून लगेच नंतर मंदिरात जाता येतं, पूर्वी मध्ये वर्षभर थांबावं लागायचं. मिशनवर जायचंही तिच्या डोक्यात आहे, दीड वर्ष, स्वतःच्या खर्चाने. आता निदान दर आठवड्याला घरी फोन करू देतात, आधी वर्षातून दोनदाच होतं म्हणे. या सगळ्याला मी हळूहळू तयार होईन असं वाटतंय. न होऊन सांगतो कुणाला.

पण तुला लिहायला बसलो ते यासाठी नाही.

मागच्या रविवारी चिमीचा फोन आला आणि आवाज जरा वेगळा. म्हणाली बाबा, आजीचा बाप्तिस्मा करायचाय. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो. बाईसाठी बाई, पुरुषासाठी पुरुष. मंदिरात बारा बैलांच्या पुतळ्यांच्या पाठीवर हौद असतो, त्यात चिमी उतरणार, आणि तो माणूस आईचं नाव घेऊन म्हणणार की जी मयत आहे तिच्या वतीने, आणि हिला बुडवणार. आणि गेल्या 110 वर्षांत जन्मलेलं माणूस असेल तर जवळच्या हयात नातेवाईकाची परवानगी लागते. म्हणजे मुलगा. म्हणजे मी. ताईची पण चालते, पण ताईला विचारलं तर तिने फोनच कापला, आणि मला फोन करून तासभर ओरडली, गेलेल्या बाईला तरी सोडा, जिवंतपणी कुणी तिला विचारलं नाही आणि आता मेल्यावर पण नाही. ताईचंही खरंय रे. नाझी छावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावंसुद्धा त्यांच्यातल्या काहींनी अशी घातली होती, त्या लोकांच्या जिवाला लागलं, 1995 साली चर्चने ती काढायचं कबूल केलं. माझी आई कुणाच्या यादीत का जावी?

हे मी चिमीला म्हणालो. ती भांडली नाही. तिने मला जोसेफच्या मोठ्या भावाची गोष्ट सांगितली, अ‍ॅल्विन. 1823 मध्ये एकाएकी गेला, पंचवीस वर्षांचा, बाप्तिस्मा न घेता, आणि अंत्यविधीला आलेल्या पाद्र्याने घरच्यांसमोर असं सुचवलं की तो नरकात गेला. पुढे 1840 साली जोसेफने मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा असतो असं सांगायला सुरुवात केली, बायबलमधल्या पॉलच्या पत्रात त्याचा एक उल्लेख आहे म्हणे. चिमी म्हणाली, "बाबा, आजीला जबरदस्ती नाही. आपण फक्त दार उघडायचं, आत यायचं का नाही ते तिचं तिने ठरवायचं. ती नाही म्हणू शकते." आणि मग म्हणाली, "मला फक्त ती मिळायला हवीये परत." आणि रडायला लागली. आई गेली तेव्हा ही परीक्षेत होती, आम्ही दोन दिवस कळवलं नव्हतं, तुला आठवतंय, तूच म्हणाला होतास कळवा, मी म्हणालो पेपर होऊ दे. त्यावर तिने मला आजपर्यंत एक शब्द विचारला नव्हता.

मी यातलं काहीही मानत नाही. मग कागदावर हो लिहायला माझं काय जातं? आणि मानत नाही तर नाही म्हणायला तरी इतकं जड का जातंय? आठ दिवस हेच चाललंय. आईचं मला कळत नाही. देवाशी तिचं आयुष्यभर उभं भांडण, पण चिमीने हात पुढे केला की बाई कुठेही जायची, आठव ती पाळण्यात बसली होती ते, पासष्टाव्या वर्षी, डोळे मिटून, तुझा दंड काळानिळा केला होता. माझ्यापेक्षा ती तुझ्याशी जास्त बोलायची, ते मला तेव्हाही आवडायचं नाही. म्हणून तुला विचारतोय. तिला काय वाटलं असतं? मला बरं वाटेल असं काही लिहू नकोस.

आणि दुसरं. फॉर्मवर जन्मतारीख लागते. चिमीने फॅमिलीसर्च नावाच्या वंशावळीच्या वेबसाइटवर घरातल्या सगळ्यांचं झाड भरत आणलंय, पणजोबांपर्यंत पोचलीये, आईच्या नावापाशी तारखेची जागा रिकामी. शाळेच्या दाखल्यावरची खोटी होती हे आपल्याला माहितीये, खरी तिने कुणालाच सांगितली नाही. पेन्शनच्या कागदांच्या वेळी तुला सांगितली होती. तू शप्पथ घेतलीस म्हणे, आणि आम्ही किती खोदून विचारलं तरी फोडली नाहीस, ताईने जेवायला बोलावून पण.

तुझा गुडघा कसा आहे? बदलीचं काय झालं, आणि पिंट्या शेवटी कुठल्या शाखेला गेला? वहिनींना सांग मी फोन करणारे. दादा येतो का रे आता घरी? बोलता का तुम्ही? हे नक्की लिही.

मी हो म्हणालोय असं समजू नकोस. पण चिमीच्या त्या झाडावर तरी तिची तारीख खोटी नको. ती तेवढी कळव. रविवारच्या आत.

तुझा,
दिन्या