पशुवैद्यकीय सहाय्यकाचे काम शिकणाऱ्या मुलीस पत्र

मांजरी बुद्रुक, पुणे

चि. वैशालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दवाखान्यात जाऊ लागून पंधरा दिवस झाले तरी डॉक्टरांनी अजून सुई हातात दिलेली नाही, नुसता तापमापक आणि वही दिली आहे, असे तू परवा फोनवर काहीशा नाराजीने सांगितलेस. त्या वेळी मला नीट बोलता आले नाही, म्हणून लिहीत आहे. तुझ्या डॉक्टरांनी केले ते मला अगदी योग्य वाटते.

गोठ्यात शिरल्याबरोबर जनावराला हात लावू नकोस. थोडे लांब उभे राहून ते इतरांपासून वेगळे उभे आहे का, कान पडले आहेत का, नाकपुडीवर ओल आहे का, रवंथ चालू आहे का आणि श्वास मिनिटाला किती वेळा होतो हे आधी पाहा, कारण तू दावे धरलेस की ते बिचकते, त्याचा श्वास आणि नाडी दोन्ही वाढतात आणि मग मोजलेला आकडा आजाराचा की भीतीचा हे कळत नाही. त्यानंतर तापमान घे. गुदद्वारात घातलेल्या तापमापकाचे टोक शेणात रुतले तर आकडा कमी येतो, म्हणून ते किंचित तिरके करून आतल्या भिंतीला टेकव. माणसाच्या 98.6 अंशांची सवय असलेल्या मालकाला गायीचे 101.5 अंश फॅरनहाइट ऐकून धडकी भरते, परंतु तिचे ते रोजचेच तापमान आहे, आणि शेळीचे तर त्याहूनही थोडे अधिक असते. उन्हात बांधलेल्या जनावराचा आकडा चढलेला येतो, तेव्हा वहीत वेळही लिहीत जा. डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खोलगट भागात, मूठ दाबून धरलीस तर निरोगी गायीचे पोट मिनिटाला एकदोनदा तुझी मूठ बाहेर ढकलते. आपल्या गायींवर याचा सराव कर.

तांबड्या गायीची हकिकत मी तुला कधी पूर्ण सांगितली नाही. तुझ्या जन्माच्या आधी एका सकाळी तिने कोवळा, दव पडलेला लसूणघास पोटभर खाल्ला आणि तिची डावी कूस ढोलासारखी फुगली. मी घाबरून तिची मान वर आढ्याकडे उचलली, जीभ बाहेर ओढून धरली आणि बाटलीभर गोडेतेल घाईघाईने ओतले. तिला ठसका लागला, तरी मी थांबलो नाही. पोट त्या रात्री उतरले, पण तेल श्वासनलिकेतून फुफ्फुसात गेले होते. तिसऱ्या दिवशी ती धापा टाकू लागली आणि आठवड्याच्या आत गेली. तिच्या मृत्यूला माझी घाई कारण झाली, ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. म्हणून पाजताना तोंड जमिनीला समांतर होईल एवढेच उचल, जीभ मोकळी ठेव, गालाच्या कडेने थोडे थोडे सोड आणि जनावर खोकले की त्याच क्षणी मान खाली सोडून दे. ज्याला गिळता येत नाही, अशा जनावराला तोंडाने काहीही पाजू नकोस.

सुईचेही तसेच आहे. व्यायल्यानंतर दुग्धज्वराने, म्हणजे रक्तातले कॅल्शियम घटल्याने, बसलेल्या गायीला शिरेतून कॅल्शियम दिले की ती पाहता पाहता उठते, आणि ते पाहून कोणालाही आपणही द्यावे असे वाटेल. पण तेच औषध वेगाने गेले तर हृदय बंद पडते, म्हणून डॉक्टर बाटली लावल्यावरही हृदयाचे ठोके ऐकत असतात. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने सहाय्यकाला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देण्याची मुभा ठेवली आहे, आणि ही मर्यादा मला रास्त वाटते. लसीचा डबा मात्र तुझ्याच जबाबदारीचा राहील: औंधच्या जनावरांच्या लसी बनवणाऱ्या संस्थेत तयार झालेली लस गोठ्यापर्यंत 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये पोहोचली नाही, तर टोचूनही जनावर उघडेच राहते.

आता तुझ्या आईची आणि माझी खरी काळजी. लाळ गाळणारी, घसा बसल्यासारखी हंबरणारी गाय दिसली की घशात काही अडकले असेल असे समजून माणसे थेट तोंडात हात घालतात, आणि ते जनावर पिसाळलेले निघू शकते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तू असा हात घालू नकोस. गाभडलेल्या गायीचा जार (वार) उघड्या हाताने उचलू नकोस, कारण सांसर्गिक गर्भपाताचा जंतू माणसालाही लागतो आणि त्याचा ताप महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. कुठलेही जनावर चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धू आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा. या कामात शिरणाऱ्याने रेबीजची लस आधीच घ्यायची असते. तुझी पहिली मात्रा झाली का आणि पुढची कोणत्या तारखेला आहे, ते उलट टपाली कळव.

तुझे,
बाबा